चार नावं, एक खातं

१२ जून, बुधवार

आज नोटीस आली. नव्या रस्त्यात गेलेल्या आमच्या सव्वा एकराचा मोबदला बहात्तर लाख रुपये ठरला. बातमी घरी पोचण्याआधी पेठच्या स्टँडवर पोचली होती. संध्याकाळी मंचरहून कामावरून उतरले, तर वडापाववाला सुटे परत देताना म्हणाला, "आता तुमाला कशाला लागत्यात हे?" मी सहाचे सहा रुपये मोजून घेतले.

घरात हे सांगण्यासारखं कोणी नाही म्हणून वहीत लिहिते. अप्पा होते तेव्हा त्यांना सांगत असे. त्यांनी मला शाळेत घालण्याआधीच बटाट्याच्या पट्टीवर, म्हणजे आडत्याच्या बिलावर, हिशोब शिकवला होता. गोणी किती, हमाली किती, तोलाई किती. ते जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरात बेरीज येणारी मी एकटीच. गोरखदादाला बेरीज येते, पण ती खर्च झाल्यावर येते.

सातबाऱ्यावर चार नावं आहेत. आजोबांची मुलगी म्हणून चिमाबाई आत्या, आणि अप्पांच्या मागे आई, दादा आणि मी.

१४ जून, शुक्रवार

दोन दिवसांत आठ पाहुणे. अप्पांच्या दहाव्यालाही यातले चार आले नव्हते.

आज आईचा भाऊ, सोपानमामा, विम्याची पॅम्फ्लेटं घेऊन आला. चहा पिण्याआधीच म्हणाला, "ताई, पैसा डबल आन् वरनं विमा. डोळं झाकून सही कर."

मी विचारलं, "किती वर्षांत डबल?"

"सोळा."

"म्हणजे साडेचार टक्के. पोस्टात याच्यापेक्षा जास्त मिळतात, मामा."

मामा आईकडे वळून म्हणाला, "पोरीला लई शिकवू नये ते ह्याच्यासाठी. पावण्याला टक्के सांगती."

त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की तो साडेचार टक्के विकतोय. अशी माणसं वीस वर्षं लोकांचा पैसा गोळा करतात आणि गावात त्यांना साहेब म्हणतात.

नंतर दादाचा मित्र गोकुळ आला. याने आधी मोबाईलचं दुकान बुडवलं, मग कोंबड्यांची शेड, मग भागीतला जेसीबी. तीन धंदे बुडवलेल्या माणसाच्या आवाजात एक वेगळाच आत्मविश्वास असतो. म्हणे, "हायवेला हॉटेल टाकू राव. पैसं मोजायला माणूस ठेवावा लागंल."

मी म्हटलं, "तो माणूस मीच आहे. आणि मी नाही म्हणते."

दादा हसला. गोकुळ हसला नाही.

१९ जून, बुधवार

पतसंस्थेत मी काउंटरवर बसते. रोज बघते. माणसं नऊ टक्क्याने सोनं गहाण ठेवून लग्नात डीजे आणतात आणि त्याच आठवड्यात चार टक्क्याच्या बचत खात्यात दोन हजार भरून मला विचारतात, व्याज कधी पडेल. यांना हसावं की रडावं हे मी ठरवणं सोडून दिलं आहे. मी फक्त शिक्का मारते.

सात रात्री बसून मी फाईल केली. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला. दादाचं सोसायटीचं कर्ज आधी फेडायचं. आईच्या औषधपाण्याला वेगळी ठेव, पोस्टाची मासिक योजना, दादाचा साधा मुदतीचा विमा. उरलेलं तीन बँकांत विभागून, वेगवेगळ्या मुदतीत. प्रत्येक पानावर कारण लिहिलं. उत्पन्नाचे एकापेक्षा जास्त मार्ग असावेत, यावर एक अख्खं पान लिहिलं.

आज दादाला वाचून दाखवली. तो पाऊण तास शांत बसला. आयुष्यात पहिल्यांदा.

"एक नंबर झालीय फाईल," तो म्हणाला. "फकस्त एक अडचण हाय, आशे. चार नावं म्हंजी चार खाती. चार ठिकाणी चार तुकडं. मग तुजी ही वाटणी बसायची कशी? आत्या तिचं काय करंल कुणाला ठावं. सगळी रक्कम एका जागी असंल तरच प्लॅन बसतोय का न्हाय?"

मला खरंच आश्चर्य वाटलं. मी तीच अडचण शेवटच्या पानावर लिहिली होती. दादाला मी इतकी वर्षं कमी लेखलं की काय.

म्हणजे तिघींनी हक्कसोड करून द्यायचं आणि रक्कम दादाच्या खात्यात घ्यायची. गावात सगळ्या बहिणी हक्कसोड देतात, साडीचोळी घेतात, माहेर टिकतं. मला साडीचोळीचं सोयरसुतक नाही. मला योजना नीट बसण्याशी मतलब. दादाने फाईलच्या पहिल्या पानावर, देवाचं नाव लिहिलंय त्याखाली, "मान्य" असं लिहून सही केली. मी तारीख घालून घेतली.

२३ जून, रविवार

आज डिंभ्याला आत्याकडे गेले. अकराची एसटी साडेबाराला आली. बरोबर साडी, पेढे, हक्कसोडाचा मसुदा आणि फाईल.

आत्या साठीच्या पुढची आहे. धरणाचे मासे घेऊन रस्त्याच्या कडेला बसते. मी पोचले तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला माशाच्या डोक्यासाठी पाच रुपये सोडत नव्हती. बहात्तर लाखांत जिचं नाव आहे ती बाई पाच रुपयांसाठी दहा मिनिटं भांडली. मला मान खाली घालावीशी वाटली.

मी सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकलं, हात धुतले, आणि विचारलं, "समदं आयकलं. आता एवढंच सांग. पैसं कुनाच्या नावावर?"

"दादाच्या. पण फाईलप्रमाणे."

"फाईल कुनाच्या नावावर?"

"फाईल नावावर नसते, आत्या. ती योजना असते."

"मंग बँकंत काय नेऊन दाखवायचं, योजना का नाव?"

अशा प्रश्नांना उत्तर नसतं, कारण ते प्रश्नच नसतात. मी फाईल मिटून ठेवली. तिला वाटलं मी हरले.

मग तिने जुनं पुराण काढलं. धरणात तिच्या सासरची जमीन गेली तेव्हा पैसे थोरल्या दिराच्या नावावर आले. "तवा बी असाच एक हुशार व्हता घरात. म्हनला, एका ठिकानी ठिवू. दोन वर्सांत एक ट्रक आला, एक ट्रक गेला. मी पाटी घिऊन बसले ती आजून बसलीया."

मी म्हटलं, त्या वेळी नियोजन नव्हतं. ती म्हणाली, "व्हतं की. लई व्हतं."

शेवटी तिने निर्णय सांगितला. "वकील म्हनतो मी निम्म्याची धनीन हाय. म्या निम्मं मागत न्हाय. चार नावं हायेत तर चार सारकं वाटं करा. पर चार खात्यात. मला अठरा, वैनीला अठरा, तुला अठरा, गोरख्याला अठरा. आसं आसंल तर म्या आत्ता अंगठा देते."

साडी तिने परत पिशवीत घातली. पेढे मात्र ठेवून घेतले.

२४ जून, सोमवार

घरी सांगितलं. वहिनी म्हणाली, "म्हातारीचं माहेर तुटलं आता." दादा बाहेर जाऊन थुंकून आला.

कायदा मी पाहिला. निम्मं खरंच तिचं निघतं. मग ती चौथा का मागते? एक तर तिला हिशोब कळत नाही, नाहीतर ही काहीतरी चाल आहे. छत्तीस सोडून अठरा मागणारी बाई आणि पाच रुपयांसाठी भांडणारी बाई एकच असू शकत नाही. हव्यासाला ताळतंत्र नसतो, एवढंच म्हणता येईल.

दादाने ठरवलं, तिचे अठरा तिला जाऊ द्यायचे. उरले चोपन्न. मी फाईलचे आकडे पुन्हा बसवले. चोपन्नातही बसतं.  

३० जून, रविवार

आईला समजवायला पूर्ण रविवार गेला.

आई म्हणाली, "माजं नाव ऱ्हाऊ दे की कागदावर. तुज्या बापानं त्या जमिनीत माज्या हातानंच बटाटं काढलं. नाव हाय ते बरं वाटतं."

मी म्हटलं, "आई, बरं वाटणं आणि बरं असणं यात फरक आहे. तुझ्या नावावर पैसे आले तर तू ते मामाच्या पॉलिसीत घालशील."

"न्हाय घालनार."

"घालशील. तुला नाही म्हणता येत नाही."

 ती म्हणाली, "ते खरं हाय. मला न्हाय म्हनता येत न्हाय."

आणि हो म्हणाली.

तिला भावनेच्या पलीकडचं दिसत नाही, पण निदान ऐकते. मी तिला फाईलमधलं तिचं पान दाखवलं. 'आई, औषधपाणी, आठ लाख.' तिला अक्षरं दिसेनात. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दोन वर्षं पुढे ढकलतेय. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आठ माज्या नावावर?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी." तिने मान हलवली.

माझ्याबद्दल एक गोष्ट लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. चार वर्षांच्या पगारातून माझे एक्केचाळीस हजार साठलेत आणि ते सगळे बचत खात्यात पडून आहेत. कुठे गुंतवावेत हे अजून ठरत नाही. ठेवीचा फॉर्म तीनदा भरला आणि तीनदा फाडला. बँक बुडाली तर, गरज लागली तर, व्याज वाढलं तर. दुसऱ्यांच्या पैशाबद्दल मला असं कधीच होत नाही.

४ जुलै, गुरुवार

घोडेगावला नोंदणी झाली.

लेखनिकाने दस्तात सात चुका केल्या होत्या. आईचं वय अठ्ठावन्नऐवजी पंचाऐंशी, गट नंबर उलटा, अप्पांचं नाव भगवंतऐवजी भागवत. मी सगळ्या दुरुस्त करून घेतल्या. तो वैतागून म्हणाला, "मॅडम, एवढं कोण वाचतं?"

मी म्हटलं, "मी वाचते. म्हणूनच लोक फसतात तशी मी फसत नाही."

'कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कायमचा' असं वाक्य होतं. ते बरोबर होतं, त्यात चूक नव्हती.

फोटो काढायच्या वेळी साहेबांनी आईला विचारलं, "मावशी, स्वखुशीनं देताय ना?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो म्हण." ती हो म्हणाली. मग मला विचारलं. मी हो म्हटलं, आणि वर न विचारताच सांगितलं की आम्ही पूर्ण नियोजन केलेलं आहे. साहेबांना त्यात रस नव्हता. सरकारी माणसाला चांगलं काम कधीच दिसत नाही.

बाहेर वहिनीने दोघींना साड्या दिल्या. माझी मोरपंखी. दादाने सगळ्यांना मिसळ खाऊ घातली आणि बिल देताना मला म्हणाला, "घे, ह्यो खर्च बी तुज्या फाईलीत लिव्ह." सगळे हसले. मी लिहिला. तीनशे साठ.

२ सप्टेंबर, सोमवार

पैसे आले. चोपन्न लाख दादाच्या खात्यात, अठरा आत्याच्या.

दादाने त्याच दिवशी सोसायटीचं कर्ज फेडलं आणि पाच लाखांची ठेव केली. मला पावतीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'तुझ्या फाईलप्रमाणे.' मी तो फोटो पतसंस्थेत बरोबर काम करणाऱ्या दोघींना दाखवला. माणूस सुधारू शकतो, फक्त त्याच्यासमोर कागद ठेवावा लागतो. ठेव एकट्याच्या नावावर आहे. आईचं नाव सोबत लावायचं राहिलं असेल. आठवण करते.

२० सप्टेंबर, शुक्रवार

घरासमोर टेम्पोतून दोन खोंडं उतरली. शर्यतीची. अकरा लाखांची जोडी. शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरं, आणि अख्खी आळी मोबाईल घेऊन उभी. गावातली माणसं ज्या श्रद्धेने त्या बैलांकडे बघत होती, तशी त्यांनी कधी आपल्या पासबुकाकडे बघितलं असतं तर तालुका श्रीमंत झाला असता.

मी दादाला आत बोलावलं. "हे फाईलमध्ये नाही."

"हाय की," तो म्हणाला. "तूच लिवलंयस, उत्पन्नाचे एकापेक्षा जास्त मार्ग असावेत. गाडा जिंकला की बक्षीस. हा एक मार्ग. गोकुळसंगती हॉटेलाचं ठरलंय, बावीस लाखाचं. त्यो दुसरा."

"बावीस लाख दिलेस?"

"इसार दिला. निम्मा."

"दादा, तू सही केली होतीस. 'मान्य' लिहून."

"मग? मान्यच हाय. मला तुजी फाईल लई आवडली." तो मला चिडवत नव्हता. त्याला खरंच आवडली होती.

९ ऑक्टोबर, बुधवार

आई तव्यावर भाकरी टाकताना चुलीच्या तापल्या कडेवर हात टेकवून बसली. दिसलंच नाही म्हणाली. पोळलंय.

दवाखान्यात दोन्ही डोळ्यांचे मिळून सत्तर हजार सांगितले. मी दादाला म्हटलं, आईचे आठ लाख बाजूला ठेवलेत त्यातून दे.

"बाजूला कुठं ठिवलेत? हॉटेलाच्या स्लॅबला गेलं. दिवाळीनंतर बघू."

"ते आईचे होते."

"आईचं आता काय हाय? सोडलं की तिनं. तूच दिवसभर बसून समजावलंस. मी एक शब्द बोललो व्हतो का?"

नव्हता बोलला. मी जून महिन्याची पानं उलटून पुन्हा वाचली. आईशी एक शब्दही बोलला नव्हता. एका खात्याची अडचण त्याने काढली होती, पण ती माझ्याच शेवटच्या पानावर होती. सगळे शब्द माझे होते. मी बारा पानं शोधत राहिले की कुठे तरी त्याने मला फसवलं असेल. सापडेना. कागदावर सगळं बरोबर होतं, आणि ते बरोबर करून घेतलं होतं मीच.

आई म्हणाली, "भांडू नगा. एका डोळ्यानं भागतंय." तिला नाही म्हणता येत नाही, हे मला जूनमध्येच माहीत होतं. मी त्याचाच उपयोग केला.

एक्केचाळीस हजार काढले. एक डोळा होईल.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी पतसंस्थेच्या काउंटरसमोर आत्या उभी. तिची मुलगी मोहिनीताई बरोबर, डोक्यावर मोकळी पाटी. मला वाटलं, पैसे आमच्याकडे ठेवायला आल्या.

"तुमच्यात न्हाय ठिवायचं," आत्या सगळ्यांदेखत म्हणाली. "समोरच्या सरकारी बँकंत ठिवायचं. तू नुसता फारम भर. तुजं आक्षार चांगलं हाय."

अर्धी सुट्टी टाकून गेले. बँकेच्या बाकावर बसून तिने मला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली. मुदत काय, व्याज कधी, मधे मोडली तर काय कापतात. व्याज दर महिन्याला तिच्याच खात्यात. सहा सहा लाखांच्या तीन ठेवी, तीन वेगळ्या मुदतींच्या. मी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुनी सांगायला लागतंय? समदी मासळी एका गिऱ्हाइकाला देती का मी?"

आमच्या फाईलमध्ये हेच बावीस पानांत होतं.

काही वेळाने तिने विचारलं, "वैनीचा डोळा?"

"झाला. एक. दुसरा पैसे साठले की."

तिने कमरेची पिशवी सोडली आणि पाचशेच्या नोटा मोजायला लागली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "तुला कोन देतंय? वैनीचा डोळा हाय. तिलाच दीन, तिच्या हातात. तू मदी येऊ नगं."

मग फॉर्मवर वारसाची जागा आली. मी पेन धरून थांबले. मला वाटलं होतं ती माझंही नाव सांगेल, आणि असं वाटलं याची मला आत्ता लिहितानाही लाज वाटते.

आत्याने त्या जागेवर बोट ठेवलं. "तिन्हीला मोहिनीचं लिव्ह," ती म्हणाली. "एका पावतीला तुजं घालावं आसं मनात व्हतं माज्या. भगवंताची लेक तू. पर नगं."

"का?"

"तू गोरख्याला दिऊन टाकशील. वर त्याला समजावून बी सांगशील, कसं बरूबर हाय ते."

मोहिनीताई हसू दाबत खिडकीकडे बघायला लागली. मला म्हणायचं होतं की नाही देणार.  माझ्याजवळ दाखवायला एकही कागद नव्हता.

मी तिन्ही अर्जांवर मोहिनीताईचं पूर्ण नाव लिहिलं, नातं लिहिलं, जन्मतारीख तिच्या आधारकार्डावरून पडताळून घातली. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज उलटून पाहिले आणि म्हणाल्या, एकही खाडाखोड नाही, असे अर्ज कोणी भरत नाही आजकाल.

आत्या म्हणाली, "भाची हाय माजी. लई हुशार."